जत्रेहून काय आणलं?
बीड जिल्ह्यातल्या देव्हाऱ्यांत, भिंतींवर आणि ट्रंकांत राहिलेला प्रवास

जत्रेहून माणूस परतला की घरातली पोरं आधी पिशवीला हात घालतात. देवाचं दर्शन कसं झालं हा मोठ्यांचा प्रश्न, काय आणलं हा पोरांचा. पिशवीतून निघायचं तेही ठरलेलं असायचं. रेवड्या, चुरमुरे, बत्तासे, हातात भरायच्या बांगड्या, पत्र्याची शिट्टी, देवाचा फोटो, घरच्या देव्हाऱ्यासाठी एखादी पितळी घंटा. खाऊ दोन दिवसांत संपे, शिट्टी आठवड्यात मोडे. फोटो, घंटा आणि माळ मात्र घरात मुक्काम ठोकत. बीड जिल्ह्यातलं कुठलंही जुनं घर उघडा, तीन पिढ्यांचा प्रवास असा वस्तूंच्या रूपानं सापडतो.

परदेशात जुन्या प्रवासी वस्तू जमवणारे हौशी लोक असतात. जुनी पोस्टकार्डं, हॉटेलांचे बिल्ले, गावाचं नाव छापलेले चमचे, सणांचे मग, सगळ्याचे बाजार भरतात आणि किमतीही ठरलेल्या असतात. आपल्याकडे या वस्तूंकडे संग्रह म्हणून कुणी पाहत नाही, कारण त्या देवाच्या किंवा संसाराच्या खात्यात जमा झालेल्या असतात. पंढरीहून आणलेली तुळशीची माळ स्मरणवस्तू आहे, असं गळ्यात माळ असलेल्या आजीला सांगून पाहा, ती हसेल. तरी ती माळ पंढरपूरच्या कुठल्या तरी दुकानातून, कुठल्या तरी वर्षी, पायी किंवा यष्टीनं केलेल्या वारीत घेतलेली असते. त्या वारीचा घरात दुसरा कागद नसतो.

बीडच्या बाबतीत याला आणखी वजन आहे. पर्यटकांसाठी चित्रांची पोस्टकार्डं निघाली ती मुंबई, पुणे, महाबळेश्वर अशा गावांची. निजामाच्या राज्यातल्या या कोरड्या जिल्ह्याकडे छायाचित्रकार फारसे फिरकले नाहीत. रेल्वे होती ती जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, परळी आणि घाटनांदूरच्या बाजूला. खुद्द बीड शहरात प्रवासी गाडी आली 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर. तोवरचा बहुतेक प्रवास बैलगाडीचा, पायी दिंडीचा आणि यष्टीचा. इथल्या साध्या माणसानं प्रवासवर्णन लिहिलं नाही, फोटोंचा अल्बम केला नाही. त्यानं वस्तू आणल्या.

आरसे, हस्तिदंत आणि यात्रेकरू

यात्रेहून, परगावाहून काहीतरी घेऊन येण्याची खोड जगभर आहे आणि जुनी आहे. बीडला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे संत गोरोबाकाकांचं गाव. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगर नावाचं जे व्यापारी शहर येतं ते हेच, असं अभ्यासक मानतात. तेरच्या मातीत सापडलेल्या वस्तू गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षं गोळा केल्या. त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आज तिथे उभं आहे. रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदकं तेरला मिळाली आहेत. दोरा ओवायला त्यांना छिद्र किंवा कडी असते, म्हणजे लांबच्या देशाचं नाणं इथली माणसं गळ्यात मिरवत होती. याच संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तिच्या घडणीशी मिळतीजुळती मूर्ती 1938 साली इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात निघाली. पॉम्पेई गाडलं गेलं इ.स. 79 मध्ये. म्हणजे दख्खनच्या कारागिरीशी नातं सांगणारी वस्तू एकोणीसशे वर्षांपूर्वी रोमन माणसाच्या घरात जाऊन बसली होती.

जर्मनीतली एक गोष्ट याहून मौजेची आहे. तिथल्या आखेन शहरात दर सात वर्षांनी मोठी यात्रा भरते. ख्रिस्ती परंपरेतले पवित्र अवशेष त्या वेळी लोकांना दाखवले जातात. मध्ययुगात गर्दी इतकी होई की जवळून दर्शन अशक्य. मग यात्रेकरू छोटा आरसा बसवलेलं धातूचं पदक विकत घेत आणि ते दुरून अवशेषांकडे धरीत. आरशात पडलेली कृपा घरी नेता येते, अशी श्रद्धा होती. योहान गुटेनबर्ग तेव्हा स्ट्रासबुर्गला राहत होता. हा धंदा ओळखून त्यानं भागीदार जमवले आणि असे आरसे घाऊक बनवायला घेतले. यात्रा 1439 ची समजून माल तयार होऊ लागला, पण ती भरली त्याच्या पुढच्या वर्षी आणि पैसा अडकला. पुढे भागीदारीचं भांडण कोर्टात गेलं, म्हणूनच हे सगळं आज आपल्याला माहीत आहे. छापखान्याचा जनक म्हणून ज्याला जग ओळखतं, त्यानं त्याआधी जत्रेत विकायचा माल करण्यात हात पोळून घेतले होते.

आखेनला सात वर्षांनी, तर आपल्याकडे पुरुषोत्तमपुरीला साधारण तीन वर्षांनी. माजलगाव तालुक्यात गोदावरीच्या काठी असलेल्या या गावी अधिक महिन्यात पुरुषोत्तमाच्या दर्शनाला रीघ लागते. 2023 चा अधिक श्रावण आणि 2026 चा अधिक ज्येष्ठ, अशी ही लांब पल्ल्याची जत्रा. अधिकाच्या वाणात जावयाला तेहेतीस अनारसे किंवा बत्तासे द्यायचे आणि सोबत दिवा किंवा ताट. घरोघरच्या कपाटांत जी निरांजनं, समया आणि तांब्याची ताटं सापडतात, त्यांतली कितीतरी अशा अधिकात आलेली असतात. कोणत्या अधिकात, ते मात्र विचारल्याशिवाय कळत नाही.

कोयत्याचं पंचांग आणि जत्रांचं पंचांग

या जिल्ह्यात जत्रा पंचांगाप्रमाणे भरतात, पण माणसं त्यांना जातात ती ऊसतोडीच्या हंगामाप्रमाणे. दसरा उरकला, दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात. परत येतात ती पाडव्याच्या आगेमागे. त्यामुळे दसऱ्याच्या गर्दीला निरोपाचा रंग असतो आणि चैत्रातल्या गावजत्रेला परतीचा. हातात चार पैसे असतात तेही तेव्हाच. गावच्या जत्रेत बांगडीवाल्यापुढची झुंबड या हिशोबानं पाहायला हवी.

मधल्या महिन्यांत गाव निम्मं रिकामं असतं आणि नेमक्या त्याच दिवसांत मोठ्या यात्रा येतात. कार्तिकी पौर्णिमेला मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला वीरशैव संत मन्मथस्वामींच्या समाधीवर लातूर, नांदेडकडून आणि कर्नाटक, तेलंगणातूनही पायी दिंड्या येतात. धबधब्याच्या काठच्या त्या दरीतून माणूस परततो तो विभूती आणि रुद्राक्ष घेऊन. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला बीडच्या खंडोबाच्या टेकडीवर भंडाऱ्यानं वाट पिवळी होते. त्याच महिन्याच्या पौर्णिमेला अंबाजोगाईला योगेश्वरीची यात्रा. योगेश्वरी ही कोकणातल्या अनेक कुटुंबांची कुलदेवता, त्यामुळे या गावचा प्रसाद सह्याद्री उतरून रत्नागिरीपर्यंत जातो. परळीच्या वैजनाथाशी ठरलेलं तिचं लग्न मोडलं आणि वऱ्हाड दगड होऊन इथेच राहिलं, अशी कथा गावात सांगतात. हत्तीखाना म्हणून ओळखली जाणारी लेणी दाखवून ती सांगितली जाते.

महाशिवरात्रीला परळीत वैजनाथाची आणि बीडमध्ये पाण्यानं वेढलेल्या कंकालेश्वराची जत्रा. होळीपासून पुढे मढीला कानिफनाथाची. मढी अहिल्यानगर जिल्ह्यातली, पण आष्टी-पाटोद्याच्या माणसाला ती आपलीच वाटते. गाढवांचा बाजार आणि रेवडीचा प्रसाद ही मढीची खूण. गोदाकाठी गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला शनी अमावास्येला गर्दी लोटते आणि नालेच्या लोखंडाची अंगठी बोटात घालून लोक परततात. 10 ऑगस्ट 1763 रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला तो याच परिसरात, पण जत्रेच्या दिवशी तिथे शनीपुढे इतिहासाला कुणी विचारत नाही. आषाढी एकादशीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही ते नारायणगडाला जातात, त्याला धाकटी पंढरी म्हणतात. बीड शहरातल्या शहेनशाहवली दर्ग्याच्या उरुसात हिंदू-मुसलमान दोघांची पोरं एकाच पाळण्यात बसतात आणि एकाच गाड्यावरची खेळणी घेतात.

निजामाच्या काळात पंढरीची वारी म्हणजे सरहद्द ओलांडणं होतं. इकडे हैदराबादचा हाली सिक्का, तिकडे सोलापूर जिल्ह्यात इंग्रजी कलदार. साधारण सात हालींचे सहा कलदार पडत. वारकऱ्याला बुक्का घेण्याआधी नाणं बदलून घ्यावं लागे. एखाद्या बीडकराच्या देव्हाऱ्यात चारमिनारचं चित्र असलेलं नाणं देवांसोबत हळदीकुंकवात माखलेलं दिसलं, तर ते कदाचित अशाच वारीतून न मोडता परत आलेलं असेल.

काही वस्तू ट्रंकेत ठेवता येत नाहीत. जत्रेतला गोंदणवाला बॅटरीच्या सुईनं हातावर नाव, विंचू किंवा तुळशीवृंदावन काढून देतो. साठी-सत्तरीतल्या बायकांच्या हातावर ही जत्रा कायमची उतरलेली असते. तसाच जत्रेतला फोटो. मागे रंगवलेल्या पडद्यावर विमान, ताजमहाल किंवा चंद्रकोर, पुढे नवी टोपी घातलेला बाप आणि घाबरून कॅमेऱ्याकडे पाहणारी दोन पोरं. अनेक घरांत आजोबांचा एकुलता एक फोटो असाच जत्रेतला असतो आणि त्यांच्या माघारी हार घालायला तोच मोठा करून घेतला जातो.

देव उजळून आणणं

संग्राहकाच्या नजरेनं सगळ्यांत मोलाची आणि सगळ्यांत अवघड वस्तू म्हणजे टाक. तळहातात मावेल एवढा चांदीचा पातळ पत्रा, त्यावर उठावात देव, मागे तांब्याची पाठ. सोनार पितळी ठशावर पत्रा ठेवून ठोकतो, मग बारीक हत्यारानं नाक-डोळे काढतो. खंडोबाच्या टाकात घोडा, म्हाळसा आणि पायाशी कुत्रा. भवानीच्या टाकात महिषासुर. घोड्यावरचा एकटाच स्वार असेल तर तो घराण्यातला वीर, लढाईत किंवा अपघातात गेलेला पूर्वज. घरात लग्न ठरलं की नवे टाक करतात, भाऊ वेगळे झाले की टाकांचे नवे जोड होतात. जुने झिजलेले टाक जेजुरीला किंवा सोनाराकडे नेऊन 'उजळून' आणतात.

जुना टाक हातात घेऊन तिरप्या उजेडात धरा. पहिल्यांदा दिसतो तो झिजलेला चेहरा. रोजच्या पूजेत चिंचेनं, राखेनं किंवा रांगोळीनं घासून नाक सपाट झालेलं असतं, डोळे पुसट. घोड्याच्या पोटाखाली मात्र बोट पोचत नाही, तिथली जीन, रिकीब आणि कुत्र्याचे कान अजून धारदार असतात. कडेच्या खाचेत हळदीचा थर घट्ट झालेला असतो. त्या थरावरून टाकाचं वय नेमकं सांगता येत नाही, पण पूजा खंडली नव्हती एवढं खात्रीनं म्हणता येतं. हौशी संग्राहक असा टाक मिळाला की आधी चकचकीत करतो. बाजारात तो खुलून दिसतो खरा, पण त्यावरची पूजा त्याच हातानं पुसली जाते.

टाक बाजारात येतात कसे? घर बदलतं, मुलं शहरात जातात, नवे संगमरवरी देव येतात. मग जुने टाक गोदावरीत सोडतात किंवा सोनाराकडे मोडीत घालतात. पितळेच्या घंटा, समया, तांब्याच्या कळशा आणि काशीहून आणलेले डाग देऊन बंद केलेले गंगेचे गडू भांडीवाल्याकडे जातात आणि बदल्यात स्टीलचा डबा येतो. तराजूच्या लेखी काशीच्या गडूची आणि फुटक्या कळशीची किंमत सारखीच.

घरातला देव विकत मागायला जाणं मला तरी रुचत नाही. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयाचे दिनकर केळकर यांनी 1920 च्या सुमारास गोळा करायला सुरुवात केली. अडकित्ते, दिवे, वज्री, काजळाच्या डब्या अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंनाही त्यांनी संग्रहालयाचा दरवाजा उघडला. मोडीत निघालेलं वाचवणं हे त्यांच्या कामाचं खरं बळ. जे अजून पूजेत आहे ते तिथेच राहावं. त्याचा फोटो काढावा, माहिती लिहून घ्यावी. मोडवाल्याच्या दुकानात पोचलेलं मात्र जरूर उचलावं.

भिंतीवरची लक्ष्मी आणि जर्मन छापखाना

जत्रेतून घराच्या भिंतीवर आलेल्या देवांच्या तसबिरींचा जर्मनीशी थेट संबंध आहे. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत शिलाछापखाना काढला. त्यासाठी यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आले. 1899 मध्ये छापखाना मळवली-लोणावळ्याच्या बाजूला हलला आणि पुढे काही वर्षांतच तो तिथल्याच जर्मन तंत्रज्ञानं, फ्रिट्झ श्लायशरनं विकत घेतला. दादासाहेब फाळके याच छापखान्यात काही काळ काम करत होते. 1909 मध्ये तेही रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला गेले आणि चित्रपटाकडे वळले ते त्यानंतर. त्याआधी 1878 मध्ये पुण्यात चित्रशाळा निघाली होती. या छापखान्यांनी देव स्वस्त केला. ज्यांना मूर्ती परवडत नव्हती, ज्यांना देवळाच्या आत येऊ दिलं जात नव्हतं, त्यांच्या भिंतीवरही कमळातली लक्ष्मी आणि वीणेची सरस्वती आली.

जुनी तसबीर ओळखायची कशी? खालच्या पांढऱ्या पट्टीवर छापखान्याचं नाव असतं, ते आधी वाचावं. फ्रेम करताना ती पट्टी बऱ्याचदा कापलेली असते. मग भिंग घ्यावं. शिलाछपाईत देवीच्या गालावर रंगाचे बारीक, अनियमित कण दिसतात. नंतरच्या ऑफसेट छपाईत तेच ठिपके एकाच मापाचे, रांगेत आणि चक्राकार मांडलेले दिसतात. भिंगातून हा फरक कुणालाही कळतो. काही घरांत देवीच्या साडीवर खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या तसबिरी मिळतात. ती कलाकुसर घरातल्या बायकांची किंवा फ्रेमवाल्याची. एरवी हजारांच्या संख्येनं निघालेलं चित्र त्यामुळे जगात एकुलतं एक होतं.

लोणावळ्याकडचा तो छापखाना 1972 मध्ये आगीत सापडला आणि छपाईच्या कितीतरी खुणा त्यात गेल्या. मराठवाडा त्या वर्षी दुष्काळात होरपळत होता. खडी फोडायला गेलेल्या घरांच्या भिंतीवर याच छापखान्याच्या लक्ष्म्या टांगलेल्या असतील.

नाव घातलेलं भांडं

जर्मनीतल्या नाताळच्या बाजारात गरम द्राक्षासवाचा पेला अनामत घेऊन देतात. त्या पेल्यावर गावाचं नाव आणि बहुतेकदा वर्षही छापलेलं असतं. अनामतीवर पाणी सोडून लोक तो घरी नेतात. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टला सुरुवात झाली 1810 मध्ये, राजपुत्राच्या लग्नानिमित्त. त्या उत्सवाचा अधिकृत मातीचा मग 1978 पासून दर वर्षी नव्या चित्रासह निघतो. संग्राहकाचं काम त्यामुळे निम्मं होतं. वस्तूच सांगते की मी कुठली आणि कोणत्या सालची.

आपल्या जत्रेतल्या घंटेवर, माळेवर, फोटोवर असं काही नसतं. तरी वस्तूवर लिहिण्याची परंपरा आपल्याला नवी नाही. पुरुषोत्तमपुरीलाच रामचंद्रदेव यादवाच्या काळातला, शके 1232 म्हणजे इ.स. 1310 चा ताम्रपट मिळाला. रामचंद्राचा मंत्री पुरुषोत्तम याच्या अग्रहाराचा तो लेख. वा. वि. मिराशी यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. तांब्यावर कोरलं होतं म्हणून गावाच्या नावाचा उगम आज आपल्याला कळतो. अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे 40 फूट लांबीच्या या कापडावर त्यांनी 'पंचीकरण' हा विषय लिहून काढला. अंगावर घ्यायचं कापड चार शतकं जपलं गेलं ते त्यावरच्या अक्षरांमुळे.

हीच सवय घरातल्या भांड्यांत उतरली आहे. पंढरपूर, पैठण, परळी कुठेही भांड्यांच्या दुकानापाशी नाव घालणारा बसलेला असायचा. छोट्या छिन्नीनं टकटक करत, नंतर विजेच्या सुईनं, तो तांब्यावर अक्षरं उठवायचा. 'चि. सौ. कां. हिस मामाकडून', खाली तारीख आणि गाव. कुठे नुसतं 'पंढरपूर' आणि शके. अक्षर वाकडं, ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही, पण माहिती पक्की. मोडवाला हे भांडं घेतो तेव्हा नावाकडे बघतही नाही. संग्राहकानं मात्र सगळ्यात आधी भांड्याच्या कडेखाली बोट फिरवून पाहावं. नाव, गाव आणि साल असलेलं एक साधं फुलपात्र नक्षीदार पण मुक्या समईपेक्षा मोलाचं आहे.

यष्टीचं तिकीटही असंच. राज्यात यष्टी सुरू झाली 1 जून 1948 रोजी, पुणे ते अहमदनगर. मराठवाड्यात त्याआधी, 1932 पासून, निजामाच्या रेल्वे खात्याच्या मोटारी धावत होत्या. कंडक्टरच्या पत्र्याच्या पेटीत रंगीबेरंगी तिकिटांचे गठ्ठे आणि चिमट्यानं पाडलेली भोकं, हे दृश्य यंत्रं आल्यावर संपलं. पोथीत खूण म्हणून घातलेली ती तिकिटं आज कुठे कुठे सापडतात. पोथी हलवताना ती झटकून टाकू नयेत.

ओव्या गोळा करणारा जर्मन

आपल्या जत्रांना आलेला सर्वांत जाणता जर्मन माणूस म्हणजे गुंथर सोंथायमर. 1934 मध्ये उल्म गावी जन्मलेला हा हायडेलबर्गचा प्राध्यापक वर्षानुवर्षं महाराष्ट्रात फिरला. धनगरांच्या वाड्यांवर राहिला, जेजुरीच्या आणि म्हस्कोबाच्या यात्रांना गेला. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवांवरचं त्याचं जर्मन पुस्तक 1976 मध्ये आलं. पंढरीच्या वारीवर त्यानं चित्रपटही केला. धनगरांच्या ओव्या त्यानं ध्वनिमुद्रित केल्या, कोण गातो, कुठल्या वाडीवर, कुठल्या देवाच्या सणाला, हे टिपून घेतलं. 1992 मध्ये तो गेला. त्यानं टिपलं नसतं तर यातलं बरंचसं गाणाऱ्यांबरोबरच गेलं असतं.

अशी नोंद ठेवण्याची आपल्याकडची वाट त्याच्याही कितीतरी आधीची आहे. गेवराई तालुक्यातलं पांचाळेश्वर हे महानुभावांचं आत्मतीर्थ. चक्रधरस्वामी कुठे बसले, कुठे उभे राहिले, दार कोणत्या दिशेला होतं, याची नोंद चौदाव्या शतकातल्या 'स्थानपोथी'त बारकाईनं केली आहे. स्वामींच्या स्पर्शाशी जोडलेले संबंधी पाषाण महानुभाव मंडळी आजही जपतात. त्या दगडावर कोरीवकाम नाही, किंमत नाही. त्याला अर्थ येतो तो त्यामागच्या नोंदीनं. दगडासोबत पोथी टिकली, म्हणून दगड टिकला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जत्रेच्या वस्तूंचा संग्रह करायचा तर वस्तू दुय्यम, नोंद पहिली. हजार घंटा जमवून त्यांतल्या एकीचाही ठावठिकाणा माहीत नसेल, तर तो संग्रह म्हणजे नीट मांडलेली मोडच.

जपताना

हौस असेल तर कायदाही माहीत हवा. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, शिल्प, नाणं, कलावस्तू ही पुरावशेष ठरते. महत्त्वाच्या हस्तलिखिताला ही मुदत 75 वर्षांची. त्यांतल्या काही प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे आणि अशी वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. पडक्या देवळातला दगड, वेशीतला वीरगळ उचलून अंगणात आणणं हा संग्रह नव्हे, चोरी आहे. शेतात पुरलेलं काही मोलाचं निघालं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे.

बाकी जपणूक घरच्या घरी होते. पितळ आठवड्याला पावडरीनं घासू नये, सणावारी कोरड्या फडक्यानं पुसावं. चांदीचे टाक सुती कपड्यात गुंडाळावेत, रबर किंवा प्लॅस्टिक लावू नये. तसबिरीची काच चित्राला चिकटू देऊ नये, मधे कडेनं जाड कागदाची पट्टी घालावी. लॅमिनेशन तर मुळीच करू नये, ते पुन्हा निघत नाही. ओल येणाऱ्या भिंतीवर आणि स्वयंपाकघराच्या धुरात जुना कागद टांगू नये. जत्रेतला फोटो हार घालण्यापुरता मोठा करून घ्या, मूळ प्रत मात्र पाकिटात ठेवा.

आता दिवाळीची साफसफाई निघेल. माळ्यावरचे डबे उतरतील, ट्रंका उघडतील, भांडीवाला दारात येईल. काही देण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला त्या पसाऱ्यापाशी बसवा आणि चार गोष्टी विचारा. हे काय, कुठल्या जत्रेतलं, कुणी आणलं, कधी. साल आठवणार नाही. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी, रझाकारांच्या धामधुमीनंतर, थोरलीच्या लग्नाच्या वेळी, अशी उत्तरं येतील. तीही चालतील, तशीच लिहा. छोट्या कागदावर शिसपेन्सिलीनं लिहा, शाई ओलीनं पसरते. चिठ्ठी वस्तूला दोऱ्यानं बांधा, डिंकानं चिकटवू नका. कोयत्यावर जाणारी घरं असतील तर हे काम निघण्याआधीच उरका, परत येईपर्यंत सांगणारं माणूस असेलच असं नाही. एवढं झालं की मग काय ठेवायचं आणि काय मोडीत घालायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.